रताळं कुठल्या बाजूला वाढायचं?

२०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या फ्रिजवर एक पेच येऊन चिकटला. आई सांगलीहून आमच्याकडे राहायला आली होती. येताना तिने औषधांच्या पिशवीत घडी घालून भिंतीवरचं मराठी कॅलेंडर आणलं होतं, ते आम्ही फ्रिजला चुंबकाने लावलं होतं. त्यातल्या २३ तारखेच्या चौकोनात मी पेन्सिलीने लिहिलं, ‘समोर जेवायला, ३ वाजता.’ आईने चष्मा शोधून आणला, चौकोन वाचला आणि म्हणाली, ‘‘अगं, पण या दिवशी कार्तिकी आहे.’’

थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला अमेरिकेतला एकत्र जेवायचा मोठा सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं. एकादशी चंद्राच्या हिशेबाने येते. एरवी दोघांची गाठ पडायचं कारण नाही, पण त्या वर्षी दोघं फिरत फिरत एकाच चौकोनात येऊन बसले. अख्खा देश पोट फुटेस्तोवर जेवणार त्या दिवशी आईचा कडकडीत उपवास. आणि ज्या टेबलाशी बसायचं त्याच्या मधोमध भलीमोठी टर्की.

समोरच्या घरातल्या आजी (माझी मुलं त्यांना आजीच म्हणतात) दर वर्षी आमच्या ओळीतल्या चार-पाच घरांना बोलावतात. टर्की त्यांची, बाकीचं ज्याने त्याने आणायचं. माझ्याकडे इतकी वर्षं कोशिंबिरीच्या जातीचं काहीतरी असायचं, कारण शाकाहारी माणसाला दुसरं काय सांगणार. पण रताळी आणणारं कुटुंब त्या वर्षी गाव सोडून गेलं आणि तो मान माझ्याकडे आला. मान हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, रॉली शहराच्या जवळ. १९७१ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकवणारं राज्य हेच. इथल्या विल्सन गावातल्या चौथीच्या पोरांनी मागे लागून लागून १९९५ साली रताळ्याला राज्याची अधिकृत भाजी करून घेतलं. अशा ठिकाणी रताळं बिघडवणं म्हणजे कोल्हापुरात तांबडा रस्सा बिघडवण्यासारखं.

आईला हे सांगितलं तर तिचा चेहरा एकदम उजळला. ‘‘रताळं होय? मग चालतंय की!’’

उपवासाच्या बाबतीत ‘चालतं’ हा आमच्याकडचा शेवटचा निवाडा. चालतं, चालत नाही, आमच्यात चालत नाही, त्यांच्यात चालत असेल. रताळं या यादीत कायम चालतं, आणि तरी ते कुणाचंच लाडकं नाही. साबुदाण्याच्या खिचडीसाठी लोक खोटे उपवास धरतात. रताळ्यासाठी कुणी धरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. एखाद्याला बावळट म्हणायचं असलं की ‘रताळ्या’. आषाढीच्या आधी मंडईत बेळगावकडची रताळी ढिगाने यायची, घरी गोड काप व्हायचे, आणि मी माझे काप वाटीच्या कडेला सरकवून आधी बटाट्याचा कीस संपवायचे. आईच्या ते लक्षात होतं. ‘‘तू? तू रताळी करणार?’’ असं तिने दोनदा विचारलं.

*

पहिल्यांदा आम्ही दुकानात गेलो ते डब्यातली रताळी बघायला. डब्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं ‘यॅम’, आणि खाली बारीक अक्षरात ‘स्वीट पोटॅटो’. आता खरा यॅम म्हणजे आपलं कोनफळ. जांभळ्या गराचं, उंधियूत पडतं ते. त्याचा आणि रताळ्याचा काही संबंध नाही. रताळं गारवेलीच्या कुळातलं. पण आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना इथे त्यांचे कंद मिळेनात, तेव्हा त्यांनी रताळ्यालाच आपल्या कंदाचं नाव दिलं. पुढे १९३०च्या दशकात लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी आपली मऊ, नारिंगी रताळी इतरांच्या कोरड्या, फिकट रताळ्यांहून वेगळी दिसावीत म्हणून तेच नाव विकायला वापरलं. बारीक अक्षरातला खुलासा त्याच्या पाठोपाठ आला, कारण नुसतं ‘यॅम’ लिहून सरकार सोडेना.

नावाच्या बाबतीत या बिचाऱ्याचं नशीबच खोटं. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला म्हणायचे ‘बटाटा’. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणून उतरवला, आणि मधल्या प्रवासात कधीतरी तो शब्द दुसऱ्याच कंदाला जाऊन चिकटला. म्हणजे आपण ज्याला बटाटा म्हणतो तो उपरा, आणि खरा बटाटा एकादशीला वाटीच्या कडेला सरकवलेला. (साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळं असा आपला बराचसा उपवास अमेरिका खंडातून आलाय, हे व्हॉट्सॲपवर दर आषाढीला फिरत असतं. ते खरंच आहे. पण तिथेच राहून, त्यांच्या सगळ्यात मोठ्या जेवणाच्या दिवशी, त्यातलंच एक शिजवून त्यांच्याच टेबलावर नेताना मला थोडं हसू येत होतं.)

डब्यांच्या शेजारी मार्शमॅलोची चळत लावलेली होती. थँक्सगिव्हिंगच्या रताळ्यांवर इथे हे पांढरे, मऊ, साखरेचे गोळे पसरतात आणि वरून तांबूस होईपर्यंत भाजतात. ही काही इंग्लंडहून इथे येऊन वसलेल्या पिलग्रिम यात्रेकरूंच्या काळापासूनची परंपरा वगैरे नाही. १९१७ साली एंजलस नावाचे मार्शमॅलो बनवणाऱ्यांनी जॅनेट मॅकेन्झी हिल या बाईंकडून पाककृतींची पुस्तिका लिहून घेतली. मार्शमॅलो एरवी मुठीने तोंडात टाकायची वस्तू, ती स्वयंपाकघरात शिरावी हा हेतू. बाई बॉस्टनच्या प्रसिद्ध पाकशाळेच्या मासिकाच्या संस्थापक, त्यांच्या शब्दाला वजन. त्या पुस्तिकेतली रताळी मात्र देशभर पसरली ती आजतागायत.

आईने पुडा हातात घेऊन दाबून पाहिला. ‘‘कशाचं असतं?’’

‘‘साखर, कॉर्न सिरप आणि जिलेटिन.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘हाडं-कातडी उकळून काढतात ते.’’

पुडा जागेवर गेला. त्यानंतर तिने त्या पदार्थाचं नाव कधी घेतलं नाही. ‘ते पांढरं’ एवढंच म्हणायची.

*

रताळी शेवटी रॉलीच्या शेतकरी बाजारातून आणली. तिथे ती पेटीने मिळतात, मातीचा पातळ थर अजून अंगावर असलेली. मला वाटायचं, जितकी ताजी तितकी चांगली. विकणाऱ्याने उलटंच सांगितलं. रताळी सप्टेंबर-ऑक्टोबरात खणतात आणि लगेच खायला देत नाहीत. आधी ३० अंश सेल्सियसच्या आसपास, भरपूर दमट खोलीत, चार ते सात दिवस ठेवतात. काढणीत खरचटलेल्या सालीवर नवी साल धरते, जखमा भरतात. मग १३ अंशांच्या आसपास थंडाव्यात आठवडेच्या आठवडे साठवतात, तेव्हा कुठे त्यांना गोडी येते. ताजं खणलेलं रताळं पिठूळ आणि सपक लागतं. आई म्हणाली, ‘‘मुरावं लागतं म्हण की.’’ आणि फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, हेही त्याने बजावलं. फार गारठली की आतून कडक होतात, मग कितीही शिजवा, मधली गाठ तशीच. माझ्या हातून इतकी वर्षं हेच होत होतं आणि मी बोल लावत होते रताळ्याला.

आम्ही दोन जातींची घेतली. एक इथली नारिंगी गराची, ओलसर. दुसरी जांभळट सालीची आणि पांढऱ्या गराची, आपल्याकडच्या रताळ्याच्या जवळ जाणारी. आईने नारिंगी चिरलं आणि म्हणाली, ‘‘हे तर गाजर.’’

*

पहिला प्रयोग मी एकटीने केला, शनिवारी, आई दुपारची झोपली असताना. इंटरनेटवर दहा ठिकाणी दहा कृती असतात. मी त्यातली सगळ्यात घाईची उचलली. चकत्या केल्या, तूप आणि किसलेला गूळ चोळला, ट्रेमध्ये ठेवल्या आणि ओव्हन २२० अंशांवर लावला. पंचवीस मिनिटांत गूळ ट्रेच्या तळाशी उतरून उकळला, मग काळा पडला, मग धुरावला, आणि छतावरचा धुराचा अलार्म घर डोक्यावर घेऊन किंचाळायला लागला. आई घाबरून उठली. मी स्टुलावर उभी राहून अलार्मखाली टॉवेल हलवतेय आणि ओव्हनमधून जळक्या गुऱ्हाळाचा वास येतोय, असं दृश्य तिने पाहिलं. चकत्या बाहेर काढल्या तर वरून कोळसा, आतून कच्च्या.

‘‘गूळ आधी घातलास?’’

‘‘हो.’’

‘‘आमटीत डाळ शिजायच्या आधी चिंचगूळ घालतेस का?’’

यावर मी काय बोलणार. रविवारी तिने स्वतः कापांचा ताबा घेतला. तिची पद्धत मी लहानपणी शंभरदा पाहिली असेन, पण नीट पाहिली अशी त्या दिवशीच. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप. बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या, एकमेकींना टेकतील न टेकतील अशा. चिमूटभर मीठ. वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. आच इतकी बारीक की मला वाटलं गॅस बंदच झाला. आणि मग ती सरळ उठून बाहेर जाऊन बसली. मी दोनदा झाकण उचलायला गेले, दोनदा ओरडा खाल्ला. ताटातलं पाणी हात घालवणार नाही इतकं तापलं तेव्हा तिने ते उतरवलं. चकत्यांच्या कडांना पारदर्शक झाक आली होती आणि कढईच्या तळाशी चिकट, मधासारखा थेंब थेंब रस सुटला होता. गूळ अजून डब्यात होता.

‘‘खाऊन बघ आता.’’

गूळ न घालता ते गोड होतं. पांढरंसुद्धा.

यामागचं कारण मी त्या रात्री वाचून काढलं, कारण आईचं ‘असंच करतात’ मला कधी पुरत नाही. रताळ्याच्या अंगातच एक विकर (एन्झाइम) असतं, ते पिठाचं रूपांतर माल्टोज नावाच्या साखरेत करतं. पण त्याच्या कामाची वेळ ठरलेली. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान ते जोरात चालतं, त्याहून फार तापलं की संपतं. रताळं त्या टप्प्यातून सावकाश गेलं तर स्वतःच गोड होतं. भसकन तापवलं तर विकर बिचारं कामाला लागायच्या आतच मरतं आणि मग गोडी बाहेरून ओतावी लागते. डब्यातल्या पाकात बुडवलेली रताळी आणि वर ते पांढरं, हे सगळं त्या राहून गेलेल्या अर्ध्या तासाची भरपाई असावी, असा मला दाट संशय आहे. लहानपणी माझ्या आजीने चुलीच्या राखेत खुपसून रात्रभर विसरून ठेवलेलं रताळं सकाळी फोडलं की बोटांना चिकटायचं, ते याचमुळे.

पण कढईत होतात चार माणसांचे काप, आणि समोर होती चौदा माणसं. मग आईची कढई ओव्हनमध्ये कशी शिरवायची यावर आमचे दोन दिवस गेले. शेवटी जे जमलं ते असं. दीड किलो रताळी, सोलून, पाऊण इंचाच्या चकत्या. चार चमचे पातळ तूप, मीठ. ट्रेमध्ये एकाच थरात, अंतर सोडून; गर्दी केली की भाजत नाहीत, नुसत्या वाफवतात. वर फॉइल घट्ट लावून थंड ओव्हनमध्ये ठेवायचं आणि मग १५० अंशांवर चालू करायचं, चाळीस मिनिटं. हे झालं आईचं झाकण. मग फॉइल काढून, चकत्या उलटून २२० अंशांवर वीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. आणि तेव्हा कुठे पाक.

ग्लेझ म्हणजे काय, हे आईला सांगताना मी चकाकी, मुलामा, लेप असं काहीबाही बोलत होते. तिने मध्येच तोडलं, ‘‘पाकवायची म्हण ना सरळ.’’ तर पाकवायचं असं: वाटीभर गूळ, तीन चमचे पाणी, चमचाभर तूप. फेस मोठ्या बुडबुड्यांचा झाला आणि चमच्याच्या पाठीवर पाक मधासारखा धरला की उतरायचा. एक तार येऊ द्यायची नाही, नाहीतर टेबलावर पोचेपर्यंत चिक्की होते. अर्ध्या लिंबाचा रस घालायचा, तो फार महत्त्वाचा, नुसतं गोड घशाशी बसतं. गरम पाक गरम चकत्यांवर ओतून शेवटची आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलथून. बस.

मेपल सिरपवरून एक सुनावणी झाली. समोरच्या आजींनी व्हरमाँटहून आणलेली बाटली दिली होती, ती वापरली नाही तर वाईट वाटलं असतं. आईने बाटली उजेडात धरली.

‘‘काकवी आहे का ही?’’

‘‘झाडाची काकवी. खोडाला भोक पाडून पाणी काढतात आणि आटवतात. चाळीस लिटर आटवलं की एक लिटर.’’

‘‘चाळीस!’’ ती गुऱ्हाळाच्या गावची. काहिलीत रस आटताना रात्र रात्र जागलेली माणसं तिने पाहिली आहेत. चाळीसला एक हा हिशेब ऐकून तिला त्या अनोळखी झाडवाल्यांची कणव आली. ‘‘झाडाचंच आहे ना? मग चालतं.’’ दोन भाग गूळ, एक भाग काकवी असं ठरलं. दालचिनी मात्र फेटाळली गेली. का, ते सांगितलं नाही. मी आलं सुचवलं, त्यावर नुसती मान हलवली. वेलदोडा मंजूर झाला.

*

त्या दिवशी आईने स्वतःचं स्टीलचं ताट बरोबर घेतलं. मी आदल्या दिवशीच समोर जाऊन सगळं सांगून आले होते. उपवास म्हणजे काय, हे आजींना पटकन कळलं. त्या स्वतः लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे ख्रिस्ती उपवास पाळणाऱ्या. ‘त्या दिवशी हे चालतं आणि हे नाही’ ही भाषा त्यांना आपल्याकडच्या पोरांपेक्षा जास्त येते, असं मला वाटलं. टर्की त्यांनी स्वयंपाकघरातच कापली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आईची खुर्ची खिडकीशी.

माझी खरी अडचण वेगळीच होती. मी आईला सांगून बसले होते की ही ‘साइड डिश’ आहे.

‘‘साइड म्हणजे? डावी का उजवी?’’

आपल्या ताटात प्रश्नच नसतो. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. कुणी कोशिंबीर उजवीकडे वाढली तर आई अजूनही बोटाने ताट फिरवून घेते. तिथे चौदा माणसं ओळीने उभी राहून स्वतःच वाढून घेत होती. कुस्करलेल्या बटाट्यावर टर्कीचा रस, त्याचा ओहोळ घेवड्याच्या शेंगांमधून वाहत येऊन माझ्या रताळ्यांना मिळत होता, आणि त्या सगळ्याला क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी टेकलेली. आई हे सगळं टीव्हीवर सामना बघावा तसं बघत होती.

‘‘गोड मध्येच खातात होय?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘हे एवढंच. बाकीचं गोड शेवटी.’’

‘‘बरोबर आहे मग. गोड जेवणाबरोबरच खायचं असतं.’’ तिला शेवटी येणारं डेझर्ट कधीच पटलेलं नाही. श्रीखंड पुरीबरोबर, पुरणपोळी कटाच्या आमटीबरोबर. पोट भरल्यावर गोड वाढणं म्हणजे पाहुण्याला खाऊ न देण्याची युक्ती, असं तिचं मत. त्या टेबलावर तिला ओळखीचं वाटलं ते हेच. मग तिने स्वतःच्या ताटात भगर घेतली, डब्यातली शेंगदाण्याची आमटी घेतली, आणि रताळ्याच्या चार चकत्या चिमट्याने उचलून ताटाच्या अगदी मध्यभागी ठेवल्या. ना डावीकडे, ना उजवीकडे. मी काही बोलले नाही.

रताळी संपली. सांगायला हरकत नाही की माझ्या ताटातली मी आधी संपवली आणि बटाटा उरवला. आईने ते पाहिलं, पण तिनेही काही बोलणं टाळलं.

समोरच्या आजींनी कृती मागितली. आई सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले. ‘गूळ अंदाजाने’ला ‘एक कप’ केलं, ‘वास सुटेपर्यंत’ला ‘आठ ते दहा मिनिटं’ केलं, आणि ‘झाकण उचलू नये’ हे आईने सांगितलं म्हणून दोनदा लिहिलं, खाली रेघ मारून.

ट्रे चार दिवसांनी परत आला तो भरून. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. आत पेकान होते. आई म्हणाली, ‘‘अक्रोडाच्या घरातले दिसतात,’’ आणि एक फोडून बघितला. एकादशी कधीच सरली होती, तरी सवयीने विचारलं, ‘‘उपवासाला चालत असतील ना?’’

पुढच्या वर्षी थँक्सगिव्हिंग आलं २८ नोव्हेंबरला. कार्तिकी एकादशी सोळा दिवस आधीच होऊन गेली होती. आई सांगलीत होती. सकाळी समोरून फोटो आला: आमचीच कृती, तीच पाऊण इंची चकती, तोच गुळाचा रंग, कडा सुरेख तांबूस. झाकण एकदाही उचललं नाही, असं मुद्दाम लिहिलेलं. आणि सगळ्यावर, कडेपासून कडेपर्यंत, फुगून तपकिरी झालेले मार्शमॅलो.

मी तो आईला दाखवायचा की नाही यावर थोडा वेळ घालवला आणि मग पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. तिने फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला.

‘‘ते पांढरं आलंच की.’’

‘‘आलं.’’

‘‘चालायचंच,’’ ती म्हणाली. आणि जरा थांबून, ‘‘खालची नारिंगी घेतलीत का पांढरी, तेवढं विचार त्यांना.’’